हरळी, ऋतू आणि पाणी : दक्षिण युरोपच्या किनाऱ्यावरील गोल्फ-प्रवासाचा आढावा

गोल्फसाठी म्हणून परदेशी जावयाचे ठरले, की पहिली चौकशी बहुधा नामांकित मैदानांची आणि दुसरी त्यांच्या दरांची होते. आणि केवळ या दोन चौकशांच्या आधारावर आखलेला प्रवास, खर्चात कोणतीही कसर न ठेवता केलेला असला तरी, पुष्कळदा मनाजोगता होत नाही, कारण मैदान ही जमीन, गवत, वारा आणि पाणी यांच्या सर्वस्वी स्वाधीन असलेली एक जिवंत वस्तू आहे, ही गोष्ट आखणीच्या वेळी कोणी ध्यानात घेतलेली नसते. एप्रिलमध्ये जे मैदान रेशमासारखे मऊ असते तेच ऑगस्टमध्ये तापलेले व कठीण, तर जानेवारीत कदाचित पिवळे पडलेले आढळते, आणि दरपत्रकात मात्र त्याचे छायाचित्र बाराही महिने एकच असते. यास्तव दक्षिण युरोपच्या ज्या दोन किनाऱ्यांकडे या खेळाचे प्रवासी वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने वळत आले आहेत, ते पोर्तुगालचा आल्गार्व आणि स्पेनचा कोस्टा डेल सोल, यांचा एकत्र विचार करावा, आणि कोठे, केव्हा, किती व कोणत्या अटींवर खेळावे याचा निर्णय भूमी आणि ऋतू यांपासून आरंभ करून कसा घेता येईल हे दाखवावे, असा या लेखाचा उद्देश आहे.

हा खेळ या किनाऱ्यांवर फार जुना नाही. कलकत्त्यास १८२९ साली आणि मुंबईस १८४२ साली इंग्रजांनी आपले गोल्फ क्लब स्थापन केले, तेव्हा युरोपच्या मुख्य भूमीवर असा एकही क्लब नव्हता. तो १८५६ साली फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या सान्निध्यात वसलेल्या पो या नगरीत निघाला, आणि तोही तेथे हवापालटासाठी हिवाळा काढणाऱ्या ब्रिटिश मंडळींच्या हौसेतून. त्यानंतर फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, कान शहरानजीक, रशियाच्या राजघराण्यातील ग्रँड ड्यूक मिखाईल यांच्या पुढाकाराने १८९१ साली मैदान झाले; आणि मालागा शहराच्या पश्चिमेस हॅरी कोल्ट या इंग्रज आरेखकाने आखलेले मैदान १९२५ साली तयार झाले. परंतु हे सारे अमीर-उमरावांच्या हिवाळी मुक्कामाचे वैभव होते. मध्यमवर्गीय माणूस आठवडाभराची रजा घेऊन, काठ्यांची पिशवी विमानात घालून, खेळावयास जातो ही वहिवाट १९६० नंतरच्या दशकात, प्रवासी विमानांच्या विस्ताराबरोबर पडली. आल्गार्वमधील फारोचा विमानतळ १९६५ साली सुरू झाला आणि पुढल्याच वर्षी तेथील पेनिनाचे मैदान खुले झाले, हा योगायोग नव्हे. वाहतूक आणि हिरवळ या दोहोंनी मिळूनच हा किनारा घडविला.

पेनिनाची हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण या सबंध विषयाचे मर्म तीत सामावलेले आहे. पोर्तिमाओच्या पश्चिमेस, आल्व्होर गावानजीक, जेथे भाताची खाचरे होती आणि पाय टाकला तर चिखलात रुतावा अशी सपाट दलदलीची जमीन होती, तेथे मैदान करण्याचे काम हेन्री कॉटन या इंग्रज खेळाडूने अंगावर घेतले. १९३४, १९३७ आणि १९४८ अशा तीन वर्षी ब्रिटिश ओपनचे अजिंक्यपद मिळविलेला हा पुरुष, खेळाडू म्हणून नाव मिळवून झाल्यावर आरेखनाकडे वळला होता. त्याने पाणी वाहून नेण्यासाठी चर खोदविले, जमिनीतील ओल शोषून घेतील अशी निलगिरीसारखी झाडे हजारोंच्या संख्येने लावविली, आणि ज्या जमिनीवर एकही नैसर्गिक उंचवटा नव्हता तेथे झाडांच्या रांगा आणि पाण्याचे पाट यांच्या आधाराने खेळाची कसोटी निर्माण केली. आज त्या वृक्षांच्या मधून खेळणाऱ्याला हे रान जणू पूर्वापार तेथेच असावे असे वाटते. वस्तुतः त्यातले प्रत्येक झाड मोजूनमापून, एका हेतूने लावलेले आहे. या किनाऱ्यावरील बहुतेक हिरवळ अशीच मनुष्यकृत आहे, आणि जी वस्तू मनुष्याने निसर्गाशी करार करून निर्माण केली, तिचा उपभोग घेणाऱ्याने त्या कराराच्या अटी समजून घेणे अगत्याचे आहे.

कोस्टा डेल सोलची घडण निराळ्या मार्गाने झाली. होहेनलोहे घराण्यातील प्रिन्स अल्फोन्सो यांनी १९५४ साली मार्बेया येथे अतिथिगृह काढले आणि कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या त्या वस्तीकडे युरोपातील धनिकांचा ओघ सुरू झाला. त्याच किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला, जिब्राल्टरच्या अलीकडे, सोतोग्रांदे येथे १९६४ साली रॉबर्ट ट्रेंट जोन्स या अमेरिकन आरेखकाने आपले युरोपातील पहिले मैदान आखले. मार्बेयाजवळचे लास ब्रिसास हे मैदानही त्याचेच, १९६८ सालचे. सोतोग्रांदे येथेच १९७४ साली त्याने आणखी एक मैदान केले, ते पुढे हाइमे ओर्तिस-पातिन्यो या धनाढ्य गोल्फप्रेमी गृहस्थाने ताब्यात घेऊन वाल्देरामा या नावाने जगविख्यात केले. रायडर चषकाचा सामना युरोपच्या मुख्य भूमीवर प्रथम झाला तो १९९७ साली वाल्देरामा येथेच. सेव्हे बायेस्तेरोस या स्पॅनिश कर्णधाराच्या नेतृत्वाखाली युरोपने तो १४½ विरुद्ध १३½ अशा निसटत्या फरकाने जिंकला. २०२३ साली महिलांचा सॉल्हाइम चषक कासारेस गावच्या हद्दीतील फिंका कोर्तेसीन येथे झाला आणि १४–१४ अशा बरोबरीमुळे तो युरोपकडेच राहिला. मालागा प्रांतातील मैदानांची संख्या आज सत्तरीच्या घरात आहे आणि मार्बेयाच्या पाठीमागील नुएव्हा आंदालुसियाच्या खोऱ्यात तर एका मैदानाची सीमा संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते.

या दोन किनाऱ्यांत रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर आहे आणि त्यांच्या प्रकृतीतही तेवढेच अंतर आहे, म्हणून एकाच सुट्टीत दोन्ही उरकण्याचा मोह आवरावा, असा माझा आग्रह आहे. आल्गार्व हा अटलांटिक महासागराचा किनारा आहे. त्याच्या उत्तरेस मोंचिकचे डोंगर असले, तरी समुद्रालगतची पट्टी मध्यभागी व पूर्वेकडे बव्हंशी सौम्य चढउतारांची आहे. फारोच्या दोन्ही बाजूंस सुमारे ६० किलोमीटर पसरलेली रिआ फोर्मोझा ही खाजणे, मिठागरे आणि वाळूचे बांध यांची संरक्षित भूमी आहे, आणि तिच्या काठाने छत्रीसारख्या पसरट माथ्याच्या पाइन वृक्षांतून गेलेली किंता दो लागो व सॅन लोरेंझो यांची मैदाने पायी खेळण्यास अत्यंत सुखावह आहेत. सॅन लोरेंझोच्या सहाव्या व सातव्या होलवर एका अंगास खाजण आणि त्यात उभे असलेले पक्षी, दुसऱ्या अंगास पाइनची राई अशी रचना आहे. आपल्याकडील तळ्यांत दिसणारी जांभळी पाणकोंबडी तेथे त्या परिसराचे मानचिन्ह होऊन बसली आहे. कोस्टा डेल सोल हा भूमध्य समुद्राचा किनारा. तेथे डोंगर समुद्राच्या फार निकट येतात. मार्बेयाच्या डोक्यावर सिएरा ब्लांका उभा असून उत्तरेचा गार वारा तो अडवितो, त्यामुळे तेथला हिवाळा विशेष मृदू होतो. पण त्याच डोंगरांमुळे मैदाने चढउतारांची होतात, पायी खेळणे दमविणारे ठरते, आणि काही मैदानांत बग्गी घेणे हे सक्तीचेच असते. ज्याला गुडघ्यांची तक्रार आहे किंवा ज्याला चालत खेळण्यातच खेळाचा आनंद वाटतो, त्याने हा भेद सर्वप्रथम विचारात घ्यावा.

आता ऋतूकडे वळू. या किनाऱ्यांवरील पुष्कळ मैदानांच्या फेअरवेवर जे गवत असते ते बर्म्युडा गवत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आपल्या हरळीचेच, म्हणजे गणपतीला वाहावयाच्या दूर्वांचेच, कुळ होय, जरी गोल्फसाठी त्याचे संकरित वाण वापरीत असले तरी. हरळीचा स्वभाव आपल्या शेतकऱ्याला पुरता ठाऊक आहे: उन्हात ती फोफावते, मूळ खोल धरते, तुडविली तरी उठून उभी राहते. तिला थंडी मात्र सोसत नाही. हवेतला गारवा वाढला की ती वाढ थांबवून पिवळी पडते. म्हणून जेथे हिवाळ्यातही हिरवेपणा हवा असतो तेथे शरद ऋतूत तिच्यावर राय नावाच्या थंडीच्या गवताचे बी पेरतात, आणि ती पेरणी रुजेपर्यंत काही आठवडे मैदान ओले, मऊ व बग्गीस बंद असण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे वर्षातून एकदोन वेळा ग्रीनला बारीक भोके पाडून त्यांत वाळू भरतात, म्हणजे मुळांशी हवा खेळते. हे काम गवताच्या आरोग्यास अवश्य असले, तरी त्यानंतरचे दोन-तीन आठवडे चेंडू ग्रीनवर उड्या मारीत जातो आणि पटिंगचा सारा रस नाहीसा होतो. या दोन कामांच्या तारखा प्रत्येक मैदानाच्या कचेरीत अगोदर ठरलेल्या असतात. विचारणारास त्या सांगतात, न विचारणारास बहुधा कोणी सांगत नाही. म्हणून दराची चौकशी करण्यापूर्वी या तारखांची लेखी चौकशी करावी, हा पहिला नियम.

दुसरा नियम पर्जन्यासंबंधी आहे. फारो आणि मालागा या दोन्ही ठिकाणी वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या तोडीचा. मात्र तो आपल्या उलट, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतच्या थंड महिन्यांत पडतो, आणि जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. जानेवारीत दुपारचे तपमान १६-१७ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, ऑगस्टमध्ये ते ३० अंशांच्या पार असते. मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे गोल्फचे खरे हंगाम होत. दर चढे असतात तेही त्याच काळात. परंतु सूर्याच्या किनाऱ्यावर आलो म्हणजे पाऊस येणारच नाही, असे समजणाऱ्याने १९९७ चा तो रायडर चषक आठवावा: सप्टेंबरच्या अखेरीस, जगातले सर्वोत्तम खेळाडू जमले असता, वाल्देरामावर असा मुसळधार पाऊस कोसळला की पहिल्या दिवसाचा खेळ खोळंबून राहिला. म्हणून आखणीत एक मोकळा दिवस राखून ठेवणे हा शहाणपणा आहे. वाऱ्याचीही अशीच दखल घ्यावी. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळ लेव्हांते हा पूर्वेचा आणि पोनिएंते हा पश्चिमेचा असे दोन वारे आळीपाळीने राज्य करतात, मालागात उन्हाळ्यात तेराल हा डोंगरांकडून येणारा तप्त वारा अंग भाजून काढतो, आणि आल्गार्वमध्ये उन्हाळी दुपारी वायव्येचा वारा उठतो, तो पश्चिम टोकाच्या साग्रेसकडे अधिकच जोरदार होतो.

दिवसाच्या लांबीचा हिशेबही पुष्कळजण चुकवितात. अठरा होलची एक फेरी पुरी होण्यास चार ते साडेचार तास लागतात. पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी दोन्ही देश घड्याळे आणखी एक तास मागे करतात. परिणामी नोव्हेंबरच्या आरंभी आल्गार्वमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर मालागात सव्वासहाच्या सुमारास. दुपारी एक वाजताची स्वस्त वेळ आनंदाने घेतलेल्या खेळाडूला आल्गार्वमध्ये थोडाही खोळंबा झाला तर शेवटचे होल अंधारात सोडून यावे लागते. तीच वेळ स्पेनमध्ये निभावून जाते. उलट एप्रिल-मे महिन्यांत दिवस इतका मोठा असतो की सकाळची फेरी, दुपारची विश्रांती आणि संध्याकाळच्या सवलतीच्या दरातील नऊ होल, असा भरगच्च कार्यक्रमही धावपळीवाचून पार पडतो.

मैदानांची निवड हा या विषयाचा सर्वांत मनोरम भाग आहे, आणि त्यात संयमाची गरजही सर्वांत अधिक आहे. सात दिवसांच्या मुक्कामात चार मैदाने पुरेशी मानावीत. त्यांपैकी एक मैदान नामांकित, दोन मध्यम आणि एक असे की जेथे दुसऱ्यांदा जाता येईल, कारण अनोळखी मैदान पहिल्या दिवशी केवळ दिसते, त्याचा स्वभाव कळतो तो दुसऱ्या खेपेस. आल्गार्वमध्ये विलामोराचे १९६९ सालचे, फ्रँक पेनिंकने पाइनच्या झाडीतून काढलेले जुने मैदान अरुंद व सौम्य आहे, लांब मारणाऱ्यापेक्षा सरळ मारणाऱ्याला ते फळ देते. त्याच परिसरातील व्हिक्टोरिया हे अर्नोल्ड पामरचे २००४ सालचे मैदान रुंद, पाण्याने वेढलेले व लांब आहे, आणि पोर्तुगाल मास्टर्स ही व्यावसायिकांची स्पर्धा २००७ पासून २०२२ पर्यंत तेथेच भरत असे. वाले दो लोबोच्या रॉयल मैदानातील सोळाव्या होलवर खेळाडू समुद्राच्या कड्यावर उभा राहतो; समोर लाटांनी कुरतडलेल्या नारिंगी मातीच्या कड्यांच्या दऱ्या, आणि त्यांच्या पलीकडे, मागच्या टीपासून २०० मीटरहून दूर, ग्रीन. पुढच्या टीवरून खेळणाऱ्याला मात्र ते अंतर पुष्कळ कमी पडते, आणि आपल्या वकुबाचा टी निवडण्यात कोणताही कमीपणा नाही, हे येथे जितके पटते तितके अन्यत्र क्वचितच पटते. अगदी पूर्वेस, स्पेनच्या सरहद्दीकडे, जॅक निक्लॉसने आखलेले मोंते रेई हे २००७ सालचे मैदान शांत व प्रशस्त आहे.

कोस्टा डेल सोलवर वाल्देरामा खेळावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक गट स्वतःला विचारतोच. कॉर्क ओक वृक्षांच्या दाट फांद्यांनी तेथील फेअरवे दोन्ही बाजूंनी आवळलेले आहेत, त्यामुळे चेंडू मधोमध पडला तरी पुढल्या फटक्याच्या वाटेत फांदी असू शकते. सतराव्या होलवर, जो बायेस्तेरोसने १९९७ च्या सामन्यासाठी नव्याने घडविला, ग्रीनच्या पुढ्यात तळे आणि त्याकडे झुकलेला उतार अशी योजना आहे, आणि त्या सामन्यात टायगर वुड्सने ग्रीनवरून मारलेला पट त्याच उतारावरून पाण्यात गेला. अशा मैदानावर मधल्या दर्जाच्या खेळाडूने गुणांचा हिशेब सोडून देऊन जावे, म्हणजे आनंद होतो. शिवाय पाहुण्यांसाठी तेथे थोड्याच वेळा मोकळ्या असतात आणि एका फेरीस शेकडो युरो पडतात. तोच पैसा वाचवून सोतोग्रांदेचे जुने मैदान, लास ब्रिसास किंवा मालागाचे कोल्टने आखलेले समुद्रकाठचे मैदान यांपैकी दोन खेळता आली, तर पहिल्या प्रवासात मी त्यासच पसंती देईन.

खेळाच्या रिवाजांत आपल्याकडील खेळाडूला सर्वांत अधिक जाणवणारा फरक कॅडीचा आहे. पुणे, मुंबई, नाशिक येथील मैदानांवर कॅडी पिशवी वाहतो, चेंडू शोधतो, अंतर सांगतो, बंकरची वाळू सारखी करतो; दक्षिण युरोपात हा वर्ग आता बहुतेक ठिकाणी उरलेला नाही, आणि तेथे हातगाडी वा बग्गी भाड्याने घेऊन सारे स्वतःच करावे लागते. मालागानजीकच्या चुरियाना गावचा मिगेल आंखेल हिमेनेथ पोरवयात कॅडीचे काम करीतच या खेळात शिरला आणि पुढे जगातल्या अग्रगण्य खेळाडूंत गणला गेला. पण त्याच्या बालपणीची ती व्यवस्था पुष्कळशी लोपली आहे. म्हणून वाळू दाताळ्याने सारखी करणे, ग्रीनवर चेंडूने पडलेला खळगा मिटविणे, उपटलेला गवताचा तुकडा परत बसविणे या गोष्टी निघण्यापूर्वी इथल्याच मैदानावर हाताला लावून घ्याव्यात. परक्या देशात आपल्या मागून येणाऱ्या खेळाडूला आपले पाऊलखुणांनी भरलेले बंकर मिळावे, ही आपल्याकडील खेळाडूंच्या लौकिकाला शोभणारी गोष्ट नाही. हँडिकॅपचा दाखला सोबत असावा. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धती अमलात आल्यामुळे आपल्या क्लबचा दाखला तेथे मान्य होण्यास अडचण पडत नाही, आणि काही मैदाने ठरावीक मर्यादेपलीकडील हँडिकॅप असलेल्यास खेळू देत नाहीत, तेव्हा ती मर्यादाही आधी विचारून घ्यावी.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: ग्रीन फी हा जमाखर्चातील फक्त एक रकाना आहे. साध्या मैदानावर ती साठ-सत्तर युरोंपासून सुरू होते आणि किंता दो लागोच्या परिसरात २०० युरोंच्या आसपास वा त्याहून पुढे जाते. परंतु बग्गी तीत धरलेली आहे की नाही, सरावाच्या चेंडूंचे पैसे निराळे आहेत की काय, पाऊस पडल्यास रक्कम परत मिळते की दुसरी वेळ मिळते, आणि ऐनवेळी गटातला एखादा आजारी पडला तर त्याच्या वाट्याचे काय, या प्रश्नांच्या उत्तरांनी एकूण आकडा पुष्कळच बदलतो. हॉटेलसह ठराविक फेऱ्यांचा एकरकमी करार करणे मोठ्या गटाला किफायतशीर पडते, आणि काही ठिकाणी आठ जणांच्या गटात एकास सवलत वा सूट मिळते. दोघे-तिघेच असतील तर वेळा सुट्या घेणे बरे. स्वतःच्या काठ्या नेण्याचा विमानाचा आकार आणि तेथे भाड्याने घेण्याचा दर यांचीही तुलना करावी. दोनच फेऱ्या खेळावयाच्या असतील तर भाड्याच्या काठ्या निःसंशय सोयीच्या.

मुंबईहून फारो किंवा मालागा येथे थेट विमान नाही. आखाती देशांतून वा युरोपातील एखाद्या मोठ्या शहरातून पुढचे विमान धरावे लागते, आणि दोन विमानांमधील अवधी अपुरा असला की माणूस पोहोचतो व काठ्यांची पिशवी मागे राहते, म्हणून पहिल्या दिवशी खेळाची वेळ घेऊ नये. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. प्रौढ व्यक्तीस त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. ज्या देशात मुक्काम अधिक त्या देशाकडे अर्ज करावयाचा, हा नियम आहे. दोन किनाऱ्यांचा बेत करणाऱ्यांच्या कागदपत्रांत घोटाळा होतो तो येथेच.

आता पाण्याविषयी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कोरड्या किनाऱ्यावरील हिरवळ पाहून जो प्रश्न पडतो तो खोटा नाही, आणि त्याला बगल देऊन या विषयाचा आढावा पुरा होऊ शकत नाही. आल्गार्वमध्ये पाण्याचा निम्म्याहून अधिक वापर शेतीचा, त्याखालोखाल नागरी वस्तीचा, आणि गोल्फचा सुमारे सहा टक्के आहे. हा वाटा अल्प दिसतो, परंतु अवर्षणात प्रत्येक टक्क्याचा वाद होतो. २०२४ च्या आरंभी जलाशय इतके खाली गेले की पोर्तुगाल सरकारने शेतीच्या पाण्यात २५ टक्के आणि पर्यटनासह नागरी वापरात १५ टक्के कपात जाहीर केली. पुढे पावसाने हात दिल्यावर तीत ढिलाई करण्यात आली. त्याच सुमारास मालागा प्रांतातील ला विन्युएला हे सर्वांत मोठे धरण क्षमतेच्या दहा टक्क्यांच्याही खाली उतरले होते आणि आसपासच्या बागायतदारांचे हाल झाले. या संकटाचा चांगला परिणाम असा, की शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर मैदाने राखण्याची पद्धत कोस्टा डेल सोलवर पुष्कळ रुजली आहे आणि आल्गार्वमध्येही तिचा विस्तार होत आहे. शिवाय फेअरवेच्या बाहेरील जमीन हिरवी ठेवण्याचा अट्टाहास सोडून तेथे कोरड्या हवेत तग धरणारी स्थानिक झुडपे वाढू देण्याकडे जाणत्या व्यवस्थापकांचा कल आहे. पाहुण्याच्या हातात यातले पुष्कळ आहे. पाणी कोठून येते हा प्रश्न आरक्षण करतानाच विचारावा, शुद्ध केलेले सांडपाणी वापरणाऱ्या मैदानास पसंती द्यावी, आणि कडेचे गवत पिवळे दिसले तर ते अव्यवस्थेचे लक्षण न मानता जबाबदारीचे मानावे. कारण गिऱ्हाइकाची मागणी बदलल्यावाचून मैदानाचा रंग बदलत नाही.

सोबतच्या न खेळणाऱ्या मंडळींचा विचारही तितकाच आवश्यक आहे. सहकुटुंब जाणाऱ्यांच्या बाबतीत किनाऱ्याची निवड खरे तर त्यांच्याच आवडीनुसार व्हावी. मालागात पिकासोचे जन्मस्थान व त्याच्या चित्रांचे संग्रहालय आहे, घाटातून वर चढले की खोल दरीवरील पुलाचे रोंदा गाव आहे, आणि एका दिवसात ग्रानादाचा अल्हाम्ब्रा पाहून परत येता येते, फक्त त्याची तिकिटे फार आधी काढून ठेवावी लागतात. आल्गार्वमध्ये अशी मोठी नगरे नाहीत. तेथे सिल्व्हेसचा तांबड्या दगडाचा मूरकालीन किल्ला, लागोसजवळचे समुद्राने कोरलेले कडे, ताविराच्या नदीकाठच्या पांढऱ्या गल्ल्या असे निवांत सुख आहे, आणि गोमंतकातून गेलेल्या माणसाला तेथल्या चर्चच्या दर्शनी भिंती व स्वयंपाकघरातून येणारा वास यांत घरच्या खुणा सापडतील. शाकाहारी कुटुंबाने हॉटेलापेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. मंडईत भाजी, फळे, बदाम, अंजीर यांना तोटा नाही.

या साऱ्या विचाराअंती माझा अभिप्राय असा आहे. ज्यांना चालत खेळावयाचे आहे, ज्यांचा गट लहान आहे आणि ज्यांना खेळाव्यतिरिक्त शांततेखेरीज दुसरे काही नको, त्यांनी आल्गार्वच्या मध्यभागी, विलामोरा ते किंता दो लागो या पट्ट्यात एकच मुक्काम करून मार्चअखेर ते मेच्या आरंभी जावे. ज्यांच्यासोबत कुटुंब आहे, किंवा ज्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात सवड मिळते, त्यांनी मार्बेयाच्या आसपास राहावे, कारण तेथे डोंगराचा आडोसा आहे, दिवस घड्याळाच्या मानाने उशिरा मावळतो आणि पावसाच्या दिवशी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सिसिली, ग्रीसचा मेसीनिया, स्पेनचाच मुर्सिया येथेही उत्तम मैदाने आहेत, पण एका मुक्कामाच्या टप्प्यात इतकी निवड तेथे मिळत नाही, म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रवासासाठी राखावीत. कोठेही गेले तरी क्रम हाच ठेवावा: आधी महिना, मग गवताच्या कामांच्या तारखा, मग जमिनीचा चढउतार, मग पाण्याचा स्रोत, आणि या चारही गोष्टींची उत्तरे हाती आल्यावर मैदानाचे नाव व त्याचा दर. हा क्रम पाळणाऱ्याला कदाचित एखादे सुप्रसिद्ध मैदान खेळावयाचे राहून जाईल. पण जी चार खेळेल ती तो त्यांच्या उत्तम काळात, त्या भूमीवर भार न होता खेळेल, आणि माझ्या मते प्रवासाचे सार्थक होण्यास तेवढे पुरे आहे.